पाणी तोडलेला मोगरा

"हे पाणी कुणी घातलं?"

आप्पांचा आवाज परसातून आला आणि चुलीपाशी आईच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली. आप्पांची सारी नोकरी एस.टी.च्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून झाली होती. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला बोचक्यावर बसलेल्या म्हातारीलाही ऐकू जावे अशा बेताने बोलण्याची त्यांची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. समोर उभ्या असलेल्या माणसाशीसुद्धा ते तसेच बोलत.

"विचारतोय मी. मोगऱ्याला पाणी कुणी घातलं?"

मी परसदारी जाऊन उभा राहिलो. पौषातली सकाळ होती. उन्हाला अजून धार आली नव्हती. आप्पा मोगऱ्याच्या वाफ्यात उकिडवे बसले होते. त्यांच्याभोवती मोगऱ्याची झाडे होती, पण अनोळखी माणसाने त्यांना झाडे म्हटले नसते. पाने ओरबाडून काढलेल्या, गुडघ्याच्या उंचीवर छाटलेल्या त्या करड्या काड्या होत्या, आणि बुडाची माती उकरल्यामुळे त्यांची मुळे उन्हात उघडी पडली होती. आप्पांनी एका काडीच्या बुडाशी बोट खुपसले, बाहेर काढले आणि माझ्यापुढे धरले.

"हे काय आहे?"

"माती."

"ओली माती. पौषात, माझ्या मोगऱ्याला ओली माती! तू घातलंस?"

"नाही."

"मग कुणी घातलं? इंद्रानं?"

आई पदराला हात पुसत दारात आली. "दव पडलं असेल हो."

"दव असं बोटभर खोल जातं होय गं? इतकी वर्षं माझ्या घरात काढलीस, एवढं कळू नये?"

आई आत गेली. मागच्या ओट्यावर ताई सोलाणे सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. हरभऱ्याचे घाटे तिच्या बोटांत एकामागून एक फुटत होते, आणि त्या चिमुकल्या आवाजाखेरीज परसात काहीही नव्हते.

आप्पांच्या मोगऱ्याविषयी सांगितल्याखेरीज त्यांचा तो संताप समजणार नाही. थंडी सरता सरता कोरेगावात इतरांच्या बागा अजून अंग चोरून बसलेल्या असत, तेव्हा आमचे परस जागे होई. कुंदाची शेवटची फुले गळत असतानाच लिंबोणीला जांभळट कळ्या धरत, शेवग्यावर मधमाश्या येत, कुंपणाकडेचा कांचन उमलू लागे. ही सगळी झाडे आपापल्या मर्जीने फुलत. मोगरा मात्र आप्पांच्या हुकमाने फुले. दिवाळी उलटली की ते त्याचे पाणी तोडत. पाने पिवळी पडून माना टाकू लागली की उरलेली हाताने ओरबाडत, छाटणी करत, मुळे उघडी टाकत, आणि रथसप्तमीपर्यंत त्याला थेंबही देत नसत. रथसप्तमीला शेणखत घालून ते पाणी सोडत, आणि मग त्या तहानेल्या काड्यांतून असा काही बहर उसळे की फाल्गुन लागण्याच्या आत आमचे परस पांढरे होई. पहिली परडी घेऊन आप्पा स्थानकावर जात आणि साताऱ्याच्या पहिल्या गाडीच्या काचेला स्वतःच्या हाताने गजरा बांधत. चालक विचारत, "आप्पा, आमच्या मोगऱ्याला अजून पालवी नाही. तुम्ही जादू काय करता?"

"जादू नाही, शिस्त," आप्पा म्हणत. "ओढ बसल्याशिवाय बहर येत नाही."

ही शिस्त मोगऱ्यापुरती नव्हती. माझ्या परीक्षा जवळ आल्या की सायकलला साखळी लागे. ताईचे गाणे तिच्या दहावीच्या वर्षी बंद झाले, ते पुन्हा सुरू करण्याचे आप्पांना आठवले नाही, आणि त्यांना आठवण करून देण्याचे धैर्य आम्हा कोणातच नव्हते. मी तर जन्माचा बुजरा. तेविसाव्या वर्षीही त्यांच्यासमोर माझे वाक्य क्रियापदापर्यंत पोहोचत नसे.

ताईचे लग्न होऊन तीन वर्षे झाली होती. सासर माणदेशातल्या एका कोरड्या गावी होते. मार्गशीर्षात ती अचानक आली तेव्हा तिला ताप होता, कंबरेत कळा येत होत्या आणि ओठ फुटून पांढरे पडले होते. आप्पा विचारणाऱ्याला सांगत, "माहेरपणाला आलीय." तालमीजवळच्या डॉक्टरांनी तिला तपासले आणि विचारले, "पाणी पीत नाही का हो तुम्ही? मूत्रमार्गाला सूज आहे, खडाही असेल. भरपूर पाणी प्या. औषधापेक्षा तेच खरं." ताई हसली. आप्पा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत काहीतरी शोधत राहिले.

त्यानंतर ती पाणी पिऊ लागली. ती तांब्या दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून, घटाघट पीत असे, जणू कोणी मध्येच तो हिसकावून नेईल. उशाशीही भरलेला तांब्या असे. एकदा मी थट्टा केली, "ताई, तू उंटीण झालीस की काय?"

"उंटाला निदान पाठीवर साठवता येतं रे," ती म्हणाली.

मी हसलो. ती विनोद करते आहे असे मला वाटले.

मोगऱ्याला पाणी कोण घालते हे मला आप्पांच्या त्या आरडाओरड्यानंतर त्याच आठवड्यात कळले. दुपारी आप्पा पुढच्या खोलीत झोपले होते. मी परसदारी आलो तर ताई वाफ्यात वाकलेली. हातात तिचा पितळेचा तांब्या होता. अर्धे पाणी ती प्यायली आणि उरलेले एका काडीच्या मुळाशी सावकाश ओतले, मग हाताने कोरडी माती त्यावर पसरली.

"ताई! तू?"

"हळू बोल."

"अगं, तूच मला शिकवलंस ना, आता पाणी मिळालं तर नुसती पानं फुटतील, कळी धरणार नाही?"

"माहीत आहे मला."

"मग?"

"फुटू देत पानं."

"आप्पांना कळलं तर काय होईल माहीत आहे?"

"काय होईल? मलाही छाटतील?" ती कंबर धरून उभी राहिली. "दिगू, फुलं आली की अख्खी आळी बघायला येते. शिंत्रेकाकू तर परडी घेऊनच येतात. आत्ता बघ याच्याकडे. आत्ता बघायला कुणी येतं?"

मी पाहिले. खरोखर पाहिले असे म्हणता येणार नाही. मला आप्पांच्या झोपेची भीती वाटत होती.

"तू सांगणार आहेस का त्यांना?" तिने विचारले.

"नाही."

"मग आत जा. चहा टाक."

संक्रांतीला शिंत्रेकाकू कुंपणावरून डोकावल्या. "काय रेवती, यंदा सुगडं इकडेच पुजलीस वाटतं? सासूबाई वाट बघत असतील हो."

"बघतात ना काकू. डोळ्यांत तेल घालून."

"नशीबवान आहेस. आमच्या सासूनं तर कधी तहान-भूकही विचारली नाही."

ताईने त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि ती आत गेली. आई मात्र जिथे होती तिथेच उभी राहिली, आणि मग उगाचच पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागली.

दुसऱ्याच दिवशी जेवताना आप्पांनी जाहीर केले, "शशिकांतरावांचा फोन होता. रथसप्तमीला येताहेत. रेवतीला घेऊन जातील. मोगऱ्याचं पाणीही त्याच दिवशी सोडायचं आहे. दिवस चांगला आहे."

"मी जाणार नाही," ताई म्हणाली.

आप्पांचा घास हातातच राहिला. आमच्या घरात हे वाक्य त्याआधी कोणी उच्चारले नव्हते.

"जाणार नाही म्हणजे?"

"म्हणजे जाणार नाही."

"कारण काय?"

ताईने त्यांच्याकडे पाहिले. ते पाहणे इतके लांबले की आप्पांनीच नजर ताटाकडे वळवली.

"कारण तुम्ही मला विचारताय, आप्पा?"

"मग कुणाला विचारू? माणूस दारू पीत नाही, हात उगारत नाही. नोकरी आहे, घर आहे. तब्येत सुधारली तुझी. आता माहेरी बसून राहायला कारण काय, एवढंच विचारतोय."

ताई उठली, हात धुतले आणि परसदारी जाऊन बसली. आईने वाढायला घेतलेला भात पुन्हा पातेल्यात सरकवला. मला काहीच कळले नाही. नवऱ्याशी काही बिनसले असेल, जरा दिवस गेले की निवळेल, असे मी स्वतःला सांगत होतो. मात्र ताईच्या त्या नजरेत काहीतरी होते, आणि ते मला रात्रभर टोचत राहिले.

रथसप्तमी दोन दिवसांवर आली तेव्हा मोगरा फुटला. सकाळी आप्पा वाफ्यापाशी गेले आणि करड्या काड्यांवर जागोजाग हिरवे, लुसलुशीत कोंब दिसले. इतर कोणालाही ते पाहून आनंद झाला असता.

"गेला!" आप्पा ओरडले. "सगळा बहर गेला! हा नुसता पाला आहे, पाला!"

ते वाफ्यात शिरले आणि नखांनी कोंब खुडू लागले. त्यांच्या बोटांना हिरवा रस लागला. आई म्हणाली, "अहो, राहू द्या. पुढच्या महिन्यात येईल की फूल." त्यांनी ऐकले नाही. ते तसेच, मातीच्या पायांनी, सदरा चढवून बाजारात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात कडी-कोयंडा आणि एक नवे कुलूप होते.

परसात आमचा सिमेंटचा हौद होता. नळाचे पाणी सकाळी तासभर येई, ते त्यात साठे, आणि धुण्याभांड्यापासून बागेपर्यंत सगळे त्यावर चाले. हौदावर पत्र्याचे झाकण होते. आप्पांनी झाकणाला कोयंडा ठोकला, कुलूप अडकवले, दाबले. मग किल्ली धोतराच्या कनवटीला खोचली.

"आता बघतो कोण चोरून पाणी घालतं. लागेल तेव्हा माझ्याकडे मागायचं. मी काढून देईन."

ताई ओट्यावर बसली होती. ती कुलूप पाहत नव्हती. ती आप्पांच्या कनवटीकडे पाहत होती.

"आप्पा, ते काढा."

"रथसप्तमीला काढीन."

"आत्ता काढा."

"रेवती, आवाज खाली."

"तिथंही किल्ली कनवटीलाच असते!" ती किंचाळली. ताईला किंचाळताना मी कधी ऐकले नव्हते. तो आवाज तिचा वाटेना. "पिंपाला कुलूप आणि किल्ली सासूबाईंच्या कनवटीला! आता इथंही तेच का?"

कुंपणापलीकडे शिंत्रेकाकूंची भांडी वाजायची थांबली.

"कसलं पिंप?" मी विचारले.

ताई माझ्याकडे वळली.  शब्द एकेक नीट येत होते, फार दिवस मनात घोकून ठेवल्यासारखे.

"आमच्याकडे आठवड्यातून एकदा पाणी येतं, दिगू. पिंपं भरून ठेवतात. चैत्रात दारात एक धनगराची बाई आली. कडेवर पोर. पाणी मागितलं, मी घागरभर दिलं. तेवढंच केलं मी. त्या दिवसापासून पिंपाला कुलूप. सकाळी मला एक तांब्या मिळतो. प्यायला तोच, तोंड धुवायला तोच. पुन्हा मागितलं की सासूबाई म्हणतात, तुझ्या वाटचं तू वाटून आलीस ना?"

"आणि शशिकांतराव?"

"ते पेपर वाचतात."

"भावजी काहीच बोलत नाहीत?"

"एकदा बोलले. म्हणाले, आईला एकदा सॉरी म्हण ना, विषय संपेल. मी म्हटलं, तहानलेल्या बाईला पाणी दिलं त्याची माफी मी मागणार नाही. मग विषय संपलाच."

 "मग हे तू आम्हाला सांगितलं का नाहीस?"

 ताईने आप्पांकडे पाहिले, आणि जेवणाच्या वेळची तिची ती नजर मला त्या क्षणी समजली.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "भाऊबिजेला. ओवाळून झाल्यावर तू मित्रांकडे गेलास. तेव्हा इथंच, याच ओट्यावर बसून सांगितलं. आईही होती."

आईने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

"काय म्हणाला होतात, आप्पा? सांगा त्याला. मोठ्यानं सांगा, एरवी सगळं मोठ्यानं सांगता ना."

आप्पांचा आवाज प्रथमच लहान झाला, पण मऊ झाला नाही. "मी म्हणालो होतो, थोडी ओढ बसू दे. जरा सोसलं की माणूस घरात मूळ धरतो. त्यात काय चुकीचं बोललो? सगळ्यांनीच सोसलंय. हिच्या आईनं नाही सोसलं?"

"आणि दुसऱ्या दिवशी मला गाडीत बसवून दिलंत," ताई म्हणाली. "चालकाला सांगून, खिडकीची जागा बघून."

संताप ही इतर लोकांची गोष्ट आहे अशी माझी तोवर समजूत होती. मी वाचत असे, उसासे टाकत असे, संध्याकाळी रेल्वेच्या रुळांकडेने एकटा भटकत असे, आणि या साऱ्याला मी माझा स्वभाव म्हणत असे. त्या सकाळी माझ्या छातीत जे उसळले त्याला स्वभाव नव्हता, भाषा नव्हती. माझी बहीण अंगात ताप घेऊन एका तांब्यावर दिवस काढत होती आणि आमच्या घराला ते ठाऊक होते. ठाऊक असून आमच्या घराने तिला खिडकीची जागा पाहून दिली होती.

ओट्याच्या कडेला आईचा खलबत्ता होता. मी बत्ता उचलला.

"दिगंबर, ठेव तो."

"खिडकीची जागा?" मी म्हणालो.

"ठेव म्हणतो ना!"

"खिडकीची जागा दिलीत तिला?" मी ओरडलो. माझा आवाज फाटला. तो त्यांच्याच आवाजासारखा होता, आणि ते कळून मला अधिकच राग आला. पहिला घाव माझ्याच बोटावर बसला. दुसरा झाकणावर. तिसऱ्या घावाआधी आप्पांनी माझे मनगट धरले. त्यांची पकड घट्ट होती. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिले. आयुष्यात इतक्या जवळून मी त्यांच्याकडे कधी पाहिले नव्हते. मला तिथे पश्चात्ताप हवा होता. तिथे फक्त आश्चर्य होते, आपल्याशी असे कोणी वागू शकते याचे.

"सोडा," मी म्हणालो.

त्यांनी सोडले. कुलूप नवे होते, ते तुटले नाही. कोयंडाच पत्र्यासकट उखडून आला. मी झाकण भिंतीकडे भिरकावले. ताईने बादली बुडवली आणि एकेका झाडाला, त्यांच्या देखत, काठोकाठ पाणी घातले. खुडलेल्या कोंबांच्या जागी हिरवट रस आला होता, त्यावर तिने ओले हात फिरवले. आप्पा आत निघून गेले.

त्यानंतर ते आमच्याशी बोलले नाहीत. फक्त आईला दाराआडून म्हणाले, "येणाऱ्या जावयाला येऊ नका म्हणायची रीत आपल्या घरात नाही. ते येतील, बसतील आणि हिला घेऊन जातील. तमाशा झाला तेवढा पुरे."

आई त्यावरही काही बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याचाही मला त्या दिवशी संताप आला होता, हे नमूद करायला हवे. आप्पांच्या शेजारी ती जन्मभर अशीच गप्प बसत आली होती.

रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध उतू गेले. उन्हाला एकदम चटका आला होता. दुपारी शशिकांतराव आले. स्थानकापासून चालत आल्यामुळे घामाघूम झाले होते. अंगावर इस्त्रीचा सदरा, हातात छोटी बॅग, खांद्यावर घडी केलेला रुमाल. आप्पांनी पुढे होऊन त्यांचे स्वागत केले.

"या, या, शशिकांतराव. गाडीला गर्दी होती का?"

"होती की, मामा. ऊन काय हो हे! थंडी गेलीच म्हणायची."

ते पुढच्या पडवीत सतरंजीवर टेकले. मी खांबाशी उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी हलवली नाही.

आमच्या भागात पाहुणा आला की आधी पाणी येते. हातपाय धुवायला बादली, प्यायला तांब्या-फुलपात्र. पाहुण्याने पाण्याचा घोट घेतल्याशिवाय कोणी कामाचे बोलत नाही. पाहुणाही बोलत नाही. हे कोणी कोणाला शिकवत नाही. ते अंगातच असते. त्यामुळे आप्पा आणि शशिकांतराव दोघेही, ज्या गोष्टीसाठी ते समोरासमोर बसले होते ती ओठांवर घेऊन, पाण्याची वाट पाहत होते.

"अगं, पाणी आण!" आप्पांनी आत हाक दिली.

कोणी आले नाही.

"पाऊस कसा काय तुमच्याकडे यंदा?" आप्पांनी विचारले. माघात.

"पाऊस... बेताचाच झाला, मामा." शशिकांतरावांनी जीभ ओठांवरून फिरवली.

"अगं ए! पाहुणे आलेत. पाणी!" या वेळी हाक रस्त्यापर्यंत गेली.

परसातून बादली बुडाल्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा. पुन्हा बादली, पुन्हा पाणी. ताई मोगऱ्याला पाणी घालत होती. तो भरघोस आवाज घरभर फिरून पडवीत येत होता आणि शशिकांतराव त्याकडे कान देऊन बसले होते.

आई मधल्या दारात आली. तिच्या हातात काही नव्हते. डोक्यावरचा पदर नीट होता, चेहरा नेहमीचाच होता.

"पाणी संपलं," ती म्हणाली.

आप्पा हसले, जसे मोठी माणसे लहानांच्या चुकीवर चारचौघांत हसतात. "संपलं काय? हौद भरलाय. ऐकू येत नाही का तुला?"

"येतं की. ते आमच्या वाटचं आहे."

शशिकांतरावांनी मान वर केली. हे शब्द कुठले, हे त्यांना विचारावे लागले नाही. त्यांच्या गळ्याशी घाम ओघळला आणि कॉलरमध्ये शिरला.

"मामी, मी रेवतीला न्यायला..."

"रेवती झाडांना पाणी घालतेय. तिला यायला व्हायचं नाही. आज नाही, उद्याही नाही. तुमच्या आईंना सांगा, किल्ली सांभाळा म्हणावं."

"अगं, काय बोलतेस तू? कुणाशी बोलतेस?" आप्पा उठले.

"तुमच्याशीही तेच बोलतेय," आई म्हणाली. ती दारातून हलली नाही. "भाऊबिजेला मी गप्प बसले. परवा पोरानं कोयंडा उपटला, तेव्हा मला माझी लाज वाटली. आता हिला या घरातून न्यायचं असेल तर मला ओलांडून न्या."

"मामा, हा अपमान आहे," शशिकांतराव म्हणाले.

मला बोलता आले असते तर पुष्कळ बोललो असतो. मला तेव्हाही बोलता आले नाही. मी पायरीपाशी गेलो, वाकलो, आणि त्यांच्या चपलांची तोंडे रस्त्याकडे फिरवून ठेवली.

त्यांनी त्या चपलांकडे पाहिले, मग आप्पांकडे. आप्पा "बसा हो, बसा, बायकांचं काय मनावर घेता," असे म्हणत राहिले. पण शशिकांतराव बॅग उचलून उतरले. आप्पा डोक्यावर काही न घेताच त्यांच्यामागोमाग गेले. कोपऱ्यापर्यंत त्यांचा आवाज ऐकू येत होता. ते समजावत होते.

ताई पुन्हा त्या गावी गेली नाही. पुढे जे सोपस्कार व्हायचे ते झाले. जी बोलणी ऐकायची होती ती आम्ही ऐकली, आणि त्यांतली बरीचशी आप्पांचीच होती. त्या वर्षी आमच्या मोगऱ्याला नुसती पाने आली. इतकी दाट, इतकी गर्द की खालची माती दिसेना. मी त्या पानांत हात घालून बसत असे. मला ती कोणत्याही फुलाहून सुंदर वाटत.

पण मला सांगायची आहे ती त्याच दुपारची गोष्ट. आप्पा स्थानकावरून एकटे परतले. ऊन डोक्यावर घेऊन आले होते, चेहरा लालबुंद झाला होता. ते पडवीत भिंतीला टेकून बसले. नोकरीत असतानाही, नंतरही, ते बाहेरून आले की उंबऱ्यात तांब्या येत असे. त्यासाठी त्यांना कधी हाक मारावी लागली नव्हती. ते बसून राहिले. मधूनच मधल्या दाराकडे पाहत होते. आत आई तांदूळ निवडत होती. ताई तिच्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसली होती. मी दाराशी होतो.

बऱ्याच वेळाने ते उठले, आमच्या मधून, कोणाकडे न पाहता मागच्या बाजूला गेले. फुलपात्र कुठे असते हे त्यांना ठाऊक नव्हते. फडताळाशी त्यांचा हात चाचपडला, एक डबा पडला. मग हौदाशी त्यांची पावले थांबली, आणि ओंजळीने पाणी पिण्याचा आवाज आला, लहान मुलासारखा, अर्धे सांडत. त्यांचे वय झाले होते, गुडघे दुखत होते, हौदाच्या काठावरून वाकणे त्यांना सोपे नव्हते. हे सारे मला दिसत होते. आज इतक्या वर्षांनीही दिसते.

आम्ही तिघेही तो आवाज ऐकत बसलो होतो. कोणीही उठले नाही.